दोन हातांवरून दिसणारा गॉब्लिन

पेणला आमच्या आतोबांचा गणपतीचा कारखाना होता. मे महिन्यात आम्हा पोरांना पाट रंगवायचं काम मिळायचं. एखादी मूर्ती होत आली की आतोबा ती दाराशी ठेवून स्वतः चार पावलं मागे जायचे. "गिऱ्हाईक इथनं बघणार. नाकाला नाक लावून कोण बघतंय?"

आता दर रविवारी पुण्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन काल्पनिक मोहीम खेळायची, असा खेळ) डाव असतो, आणि त्याच्या पटावरचे करंगळीच्या दोन पेरांएवढे योद्धे, म्हणजे मिनी, रंगवताना मला आतोबांचं ते मागे जाणं आठवतं. खेळणारा मिनी बघतो ती दोन हातांवरून, ट्यूबलाइटमध्ये, मध्ये चिवड्याची वाटी. तिथून ओळखू आली की काम झालं.

निवडतानाच हे धरून चाला. पहिल्या झटक्यात ड्रॅगन घेऊ नका. मी घेतला, तीन वर्षं झाली, एक पंख अजून प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, करड्या रंगातच आहे. त्यापेक्षा पाच-सहा गॉब्लिन (खेळातले बुटके, दुष्ट प्राणी) घ्या, पहिला बिघडेल तोवर चौथा जमेल. मिनी दिव्यासमोर धरून नुसती सावली बघा. तिरंदाज आहे की जादूगार, हे सावलीवरून कळलं पाहिजे. कमरेला सतरा बटवे आणि कवट्या लटकवलेला वीर दुकानात भारी दिसतो, पण तो प्रत्येक बटवा तुम्हालाच रंगवायचाय.

माप बघून घ्या. काही संच 28 मिलिमीटरचे, काही 32 चे. सरमिसळ झाली की बुटका ड्वार्फ उंच एल्फच्या खांद्याला लागतो. पटावरचा एक इंची चौकोन म्हणजे खेळातले 5 फूट. माणसाएवढ्या पात्राला 25 मिलिमीटरचा बेस (मिनीच्या पायाखालची चकती) त्यात नीट बसतो. ओगरला, म्हणजे धिप्पाड राक्षसाला, 50 चा लागतो, तो चार चौकोन अडवतो.

आणि दुकानातलंच हवं असं काही नाही. 1974 साली हा खेळ आला तो सैनिकांच्या पटावरच्या लढायांतूनच. त्याच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे राक्षस करायचा. आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) आणि रस्ट मॉन्स्टर (धातू गंजवणारा) हे त्या खेळण्यांतूनच जन्मले. माझ्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा वाघ आहे. मावळे पटावर फार मोठे होतात, पण वाघ राक्षसी श्वापद म्हणून झकास चालतो. आमच्या खेळाडूंची टोळी त्याला अजून मारू शकलेली नाही.

आता रंगाकडे. मऊ प्लॅस्टिकची तलवार वाकडी असेल तर गरम पाण्यात बुडवा, सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात घाला. साच्याची शिवण सुरीच्या पाठीने खरवडा. मग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावर रंग टिकत नाही. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून घेतली असेल तर ती नीट धुतलेली आणि अतिनील दिव्याखाली पक्की झालेली आहे ना, हे विचारा. चिकट रेझिन उघड्या हाताने धरू नका, आणि घासताना मास्क लावा. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपने मिनी चिकटवली की मूठ तयार.

प्रायमरशिवाय रंग निघून येतो. स्प्रे असेल तर वीतभर अंतरावरून, थांबत थांबत मारा. पण जुलैत नको. मी एकदा भर पावसात गॅलरीत मारला आणि सहा सांगाडे रवा लावून तळायला काढल्यासारखे दिसायला लागले. मऊ प्लॅस्टिकवर तर काही स्प्रे महिनोन्‌महिने चिकटच राहतात. मी ब्रशने लावायचा प्रायमर वापरते.

रंग अ‍ॅक्रिलिकच. शाळेच्या ट्यूबमधले दगड, झगे, बेस यांना पुरतात. कातडी आणि धातूसाठी मात्र मिनींचे खास रंग घ्या, सहा-सात बाटल्या पुरे. पातळ किती? पिठल्यासारखा नको, ताकासारखा हवा. दोन पातळ हात द्या, मधे वाळू द्या. एका जाड हाताने गॉब्लिनचं नाकच बुजतं. पसरट डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद ठेवला की रंग तासन्‌तास ओला राहतो. (स्टेशनरीतला बटर पेपर माझ्याकडे नुसता सुरकुतला.)

आतून बाहेर या: आधी कातडी, मग कपडे, चामडं, शेवटी धातू. शेजारच्या दोन गोष्टी एकाच गडद छटेत ठेवू नका. तपकिरी झगा, तपकिरी बूट, तपकिरी पट्टा म्हणजे लांबून मातीचा ढेकूळ.

मग वॉश. हा पाण्यासारखा गडद रंग खाचांत उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. कातडीला तपकिरी, चिलखताला काळा. कुठे डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या, पण अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावू नका. डाग पडतो आणि जात नाही. वाळल्यावर जुन्या ब्रशला फिकट रंग लावून तो कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. केस, लव, दगड एकदम उठून येतात. इथे उठून मागे जा, बघा. बहुतेक वेळा इथेच थांबायला हवं.

डोळ्यांबद्दल मला आतोबांची क्षमा मागावी लागेल. कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त तेच करायचे. पण इथला डोळा मोहरीहूनही लहान. काढायचाच तर खाचेत गडद तपकिरी रेघ, तिच्या दोन टोकांना मळकट पांढरे ठिपके, बस. मी गॉब्लिनांना नुसती रेघ ठेवते. पांढरे डोळे काढले की सगळे विजेचा धक्का बसल्यासारखे बघतात.

बेसवर फेविकॉल लावून चाळलेली वाळू टाका. ती पक्की वाळली की तपकिरी रंगवा आणि फिकटाचा कोरडा ब्रश मारा. कड मात्र प्रत्येक गॉब्लिनची वेगळ्या रंगाची ठेवा: लाल, पिवळी, निळी. "मी लाल कडेवाल्याला मारतो" म्हटलं की डीएमला (डाव चालवणाऱ्याला) कुणाचे प्राण किती उरलेत ते शोधावं लागत नाही. शेवटी मॅट व्हार्निशचे दोन हात ब्रशनेच द्या, कारण चिवडा खाल्लेली बोटं मिनीला लागणारच आहेत.