स्नेहसंमेलनात १६०५चा बारूद-कट बसवताना

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला पार्लमेंटसकट उडवून देण्याचा कट बसवायला घेतला की सगळ्यांना शेवटी मोठा धडाका हवा असतो. तो ठेवू नका. ५ नोव्हेंबर १६०५ला स्फोट झालाच नाही. हे नाटक एका पत्राचं आणि एका कंदिलाचं आहे. स्टेजवर फटाका, धूर, उघडी ज्योत काहीही नको.

नेपथ्याला दशावतारासारखं एक बाकडं पुरतं. तेच खाणावळीतलं टेबल, तेच पार्लमेंटमधला उमराव लॉर्ड माँटिगल याचं जेवणाचं मेज. खरी मेहनत आहे पिंपांची. पार्लमेंटच्या लॉर्ड्स (उमरावांच्या) सभागृहाखालच्या कोठीत बारुदाची ३६ पिंपं होती. स्टेजवर १० करा, बाकीची मागच्या पडद्यावर रंगवा. बांबूच्या कामट्यांची तीन कडी, भोवती पुठ्ठा, वरून सुंभाचे दोन घट्ट वेढे. नुसत्या खळीवर विसंबू नका. डिसेंबरात उघड्या मांडवात रात्री दव पडतं, पुठ्ठा ओलावतो आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत पिंप बसतं. पिंपांवर सुरूच्या फाट्यांच्या मोळ्या रचा. कोळसा म्हणून करवंट्यांचे काळे रंगवलेले तुकडे चालतात, खऱ्या कोळशाने कपडे खराब होतात.

संवादांत ‘बारूद’च म्हणा. ‘दारूची पिंपं’ म्हटलंत की मांडव हसतो आणि प्रसंग हातचा जातो.

कटात शेवटी १३ जण होते. तुम्ही मे १६०४मध्ये प्रथम एकत्र बसलेले पाचच घ्या: रॉबर्ट केट्सबी, थॉमस विंटर, जॉन राइट, थॉमस पर्सी आणि गाय फॉक्स. म्होरक्या केट्सबी होता, म्हणून सगळ्यात ताकदीचा नट त्याला द्या. फॉक्स स्पेनच्या बाजूने लढलेला सैनिक. इथे तो ‘जॉन जॉन्सन’ या नावाने पर्सीचा नोकर बनून कोठी राखतो. त्याला कमी बोलू द्या.

पहिल्या प्रवेशात कारण नीट आलं नाही, तर केट्सबी नुसता माथेफिरू दिसतो. कटवाले कॅथलिक होते, आणि सरकारी प्रोटेस्टंट चर्चमध्ये न जाणाऱ्या कॅथलिकांना महिन्याला २० पौंडांपर्यंत दंड होता. १६०३मध्ये जेम्स गादीवर आला तेव्हा त्यांना सवलतीची आशा वाटली, पण १६०४मध्ये त्याने कॅथलिक पाद्र्यांना देश सोडायला लावलं. मात्र बहुतेक इंग्लिश कॅथलिकांचा कटाशी संबंध नव्हता आणि नंतरचे कडक कायदे त्यांच्याही माथी आले, हे सूत्रधाराच्या तोंडी स्पष्ट घाला. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्याकडे कॅथलिक घरं आहेत, त्यांतली मुलं याच वर्गात बसतात. त्यांना खाली मान घालावी लागेल असं एकही वाक्य संहितेत राहता कामा नये.

२६ ऑक्टोबरची संध्याकाळ. माँटिगल जेवायला बसलेला, निनावी पत्र येतं आणि तो ते नोकराला मोठ्याने वाचायला सांगतो. पार्लमेंटला येऊ नका, मोठा घाव बसणार आहे, एवढाच मथितार्थ. मुलं हे धडाधडा वाचतात. प्रत्येक ओळीनंतर दोन अंक मोजायला लावा आणि तेवढा वेळ पेटी-पखवाज बंद ठेवा.

झडत्या दोन दाखवा. पहिल्या वेळी अधिकारी लाकडांचा ढीग पाहून निघून जातात. दुसरी ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीची. इथे काचेचा रॉकेलचा कंदील आणू नका, तो त्या काळचा नाही. पावडरीच्या डब्याला एक खिडकी कापा, आत बॅटरी, बॅटरीभोवती फिरणारी पत्र्याची नळी. नळी फिरवली की उजेड झाकला जातो. पत्रा करकरतो, म्हणून कडेला मेण चोळा. सगळे दिवे घालवून फॉक्सला नळी हळूच उघडू द्या. पट्टाभर उजेड आधी मोळ्यांवर, मग पिंपांवर, शेवटी समोर उभ्या शिपायाच्या बुटांवर. तिथेच पडदा.