अहमद कथरादा: शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीसाठी आठ फलकांचं प्रदर्शन

अहमद कथरादा म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले आणि नेल्सन मंडेलांबरोबर जन्मठेप झालेले नेते. त्यांच्यावर प्रदर्शन लावायचं ठरलं की पहिली अडचण होते ती मंडेलांची. फोटो शोधायला बसलात की ते शेजारी असतातच, आणि बघता बघता आठपैकी पाच फलक त्यांचेच होऊन बसतात. म्हणून आधीच ठरवून टाका: मंडेला ठळकपणे एकाच फलकावर. दुसरा मोह ‘भारतीय वंशाचे वीर’ या मथळ्याचा. आईवडील सुरतकडचे होते, हे एका ओळीत सांगून पुढे सरका.

फलक २ फूट रुंद, ३ फूट उंच, ५ मिमी सनबोर्डवर (फोमचा हलका, कडक पुठ्ठा). एका फलकावर ९० शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको. उभ्यानं त्याहून जास्त कोणी वाचत नाही. मजकुराचा टाईप ३६ पॉइंट, मथळा ९०. फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर येऊ द्या, म्हणजे सहावी-सातवीच्या मुलांना मान वर करावी लागणार नाही. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण ट्यूबलाइटखाली चकाकतो. मॅट लॅमिनेशनच सांगा.

पहिले चार फलक भराभर उरका. जन्म २१ ऑगस्ट १९२९, दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या ट्रान्सवाल प्रांतातलं श्वायझर-रेनेके. गावात गोऱ्यांची शाळा होती, काळ्यांची होती, भारतीय मुलांना दोन्हीकडे दार बंद. म्हणून आठव्या वर्षी जोहान्सबर्गला रवानगी. दुसऱ्या फलकावर १९४६ चा सत्याग्रह: भारतीयांच्या जमीनहक्कांवर गदा आणणाऱ्या कायद्याविरुद्ध, आणि त्यात सतराव्या वर्षी महिनाभराचा तुरुंग. तिसऱ्यावर राजद्रोहाचा खटला, चौथ्यावर रिव्होनियाचा.

या दोन खटल्यांची गल्लत हमखास होते. राजद्रोहाचा खटला १९५६ ते १९६१ चालला, आरोपी १५६, शेवटी एकालाही शिक्षा नाही. रिव्होनिया हे जोहान्सबर्गचं उपनगर, तिथली अटक ११ जुलै १९६३ ची आणि जन्मठेप १२ जून १९६४ ची. मंडेलांना चारही आरोपांत दोषी ठरवलं. कथरादांना फक्त एकात, तरी शिक्षा तीच. ही ओळ गाळू नका. ‘गांधीवादी’ असा शिक्काही मारू नका. रिव्होनियाचा खटला घातपाताच्या कटाचा होता आणि कथरादा बालवयातच कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत गेले होते.

पाच, सहा आणि सात हे तिन्ही फलक तुरुंगाचे. २६ वर्षं आणि वर काही महिने, त्यातली १८ केपटाऊनजवळच्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात. ‘२७ वर्षं’ हा मंडेलांचा आकडा, तो इथे चिकटवू नका. कथरादा सुटले १५ ऑक्टोबर १९८९ ला, मंडेलांच्या चार महिने आधी.

पाचव्या फलकावर दोन रकाने पाडा. भारतीय कैदी: लांब पँट, रात्री पावाचा चतकोर. आफ्रिकन कैदी: अर्धी चड्डी, पाव नाही. एकाच खटल्यात एकच शिक्षा झालेले लोक, तरी कपडे आणि ताट वंश बघून. खाली टीप-टिप्पणी काही लिहू नका, रकाने पुरेसे आहेत.

सहाव्यावर मंडेलांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मचरित्राच्या हस्तलिखिताची हकिगत, मंडेलांची जागा ही. मंडेला लिहीत, कथरादा आणि वॉल्टर सिसुलू समासात शेरे मारत, मॅक महाराज आणि लालू चिबा हे सहकैदी ते बारीक अक्षरात उतरवून घेत. १९७६ मध्ये महाराज सुटताना ती नक्कल बाहेर गेली. अंगणात पुरलेली मूळ पानं पुढे खोदकामात सापडली आणि मंडेला, सिसुलू आणि कथरादा या तिघांची शिकण्याची सवलत काढून घेतली. तरीही तुरुंगातून कथरादांनी चार पदव्या घेतल्या, हे त्याच फलकावर येऊ द्या.

सातव्या फलकासमोर जमिनीवर मास्किंग टेपनं ८ फूट बाय ७ फुटांचा चौकोन आखा. कोठडी साधारण तेवढीच. शेजारी टेबल, त्यावर कोरे कागद. सुरुवातीची वर्षं सहा महिन्यांत एक पत्र, ५०० शब्दांचं. मुलांना कागदाच्या दोन्ही बाजूंनी पत्र लिहायला सांगा, आणि दुसऱ्या एकाला सेन्सॉर करून राजकारणाचा उल्लेख दिसेल तिथे कात्रीनं कापायला लावा. मागच्या बाजूचा निरुपद्रवी मजकूरही जातो. तिथेही नेमकं हेच व्हायचं. ब्लेड मात्र देऊ नका.

आठव्यावर सुटकेनंतरचं: १९९४ ला खासदारकी, रॉबेन बेट संग्रहालयाच्या परिषदेचं अध्यक्षपद, आणि २०१६ मध्ये आपल्याच पक्षाच्या (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांना पायउतार व्हा असं सांगणारं जाहीर पत्र. २८ मार्च २०१७ ला निधन. पुतळे आणि सन्मानांची यादी देण्यापेक्षा त्या पत्राला अर्धा फलक द्या.

फोटो मुक्त परवान्याचेच घ्या. १२ इंच रुंद छापायचा तर किमान १८०० पिक्सेल हवेत, नाहीतर चेहरा धुरकट येतो. युनिकोडमधला मजकूर छापणाऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून फॉन्ट आत असलेली पीडीएफ द्या. सगळे फलक छापण्याआधी एका फलकाचा ए-फोर नमुना मागवा आणि त्यातलं ‘श्वायझर’ नि ‘रिव्होनिया’ आधी तपासा.