उष्ण, जड तारे आणि खुले तारकागुच्छ: घरबसल्या अभ्यास कसा सुरू करायचा

ओ आणि बी प्रकारचे, म्हणजे सगळ्यात उष्ण निळे तारे अभ्यासायचेत असं कुणी म्हणालं की मी आधी एकच सांगतो, तारा सोडा, गुच्छ धरा. एकटा निळा तारा समोर आला तर तो किती लांब, किती वयाचा, किती जड, काहीच धड कळत नाही. पण तोच तारा एखाद्या खुल्या तारकागुच्छात असेल तर त्याच्या शेकडो भावंडांकडून ही माहिती काढता येते, कारण सगळे एकाच ढगातून साधारण एकाच वेळी जन्मलेले आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. शिवाय जड तारे फार जगत नाहीत, सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा साधारण कोटीभर वर्षांत संपतो, म्हणजे लांब भटकायला त्याला वेळच मिळत नाही आणि तो बहुतेक वेळा जन्माच्या जागेच्या आसपासच सापडतो.

सामान फार लागत नाही. एक लॅपटॉप, तक्ते आणि आलेखांसाठीचं टॉपकॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर (पायथन येत असेल तर अजून बरं) आणि ताऱ्यांची जागा आणि गती मोजणाऱ्या गाया अवकाश दुर्बिणीचं अर्काइव्ह, ते कुणालाही उघडं आहे. जून 2022 मध्ये आलेल्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये जवळपास 1.8 अब्ज स्रोत आहेत, आपल्याला त्यातले काही हजारच लागणार.

पहिला गुच्छ कृत्तिकाच घ्या. इथे उष्ण म्हणण्यासारखे बी प्रकारचे मोजकेच तारे आहेत, अतिउष्ण ओ तर एकही नाही, तरी सुरुवात इथूनच करा कारण गुच्छ जवळ आहे, धूळ कमी आहे आणि चूक झाली तर लगेच दिसते. विषुवांश (आकाशातलं रेखांश) 56.75 अंश, क्रांती (आकाशातलं अक्षांश) अधिक 24.1 अंश, त्याभोवती 3 अंशांचं वर्तुळ टाका आणि पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा सरकलेला दिसतो तो कोन, जितका मोठा तितका तारा जवळ) 6.5 ते 8.2 मिलीआर्कसेकंद एवढेच तारे मागवा. मग निजगतीचा (तारा आकाशात दरवर्षी किती सरकतो त्याचा) ग्राफ काढा, आडव्या अक्षावर विषुवांशातली गती, उभ्यावर क्रांतीतली. बाकी तारे विखुरलेले दिसतील आणि अधिक 20, उणे 45 मिलीआर्कसेकंद प्रतिवर्ष यांच्या आसपास एक घट्ट ठिपका दिसेल, तोच गुच्छ. तो ठिपका पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर बघताना जे वाटतं ते फोटो बघून वाटत नाही, एवढं नक्की. सदस्यांचा सरासरी पॅरलॅक्स साधारण 7.36 येतो, 1000 ला त्याने भागलं की 136 पार्सेक, म्हणजे 440 च्या आसपास प्रकाशवर्षं. 1997 साली हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापातून हेच अंतर 120 पार्सेकच्या आसपास आलं होतं आणि त्यावरून बरीच वर्षं वाद चालला, ते अंतर तुम्ही आता संध्याकाळभरात स्वतः काढू शकता.

आता रंग-प्रत आलेख. आडवा अक्ष गायाचा बीपी उणे आरपी रंग (निळ्या आणि लाल पट्ट्यातल्या प्रतींतला फरक), उभा अक्ष जी प्रत (तेजाचा आकडा, जितका कमी तितका तारा तेजस्वी), आणि जी मधून 5.7 वजा करा म्हणजे निरपेक्ष प्रत, तारा 10 पार्सेकवर असता तर दिसली असती ती, मिळेल (136 पार्सेकसाठी तेवढाच फरक येतो). मुख्य क्रमाचा, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळत असलेल्या ताऱ्यांचा पट्टा स्वच्छ दिसतो आणि त्याच्या वर 0.75 प्रतीच्या आत एक पुसट दुसरा पट्टा दिसतो. ते जोडतारे. दोन सारखे तारे एकच ठिपका म्हणून दिसले की प्रकाश दुप्पट होतो आणि दुप्पट प्रकाश म्हणजे बरोबर 0.75 प्रत, साधं गणित. वय बघायचं ते पट्ट्याच्या वरच्या टोकाला, मुख्य क्रम जिथे उजवीकडे वळायला लागतो तिथे, कारण त्याहून जड तारे आधीच संपलेले असतात. हे नीट डोक्यात बसवायचं असेल तर तोच आलेख एम 67 या जुन्या गुच्छासाठी काढा. कृत्तिकांचं वय 10 ते 12 कोटी वर्षं, एम 67 चं 4 अब्जांच्या आसपास, तिथे वळण इतकं खाली उतरलंय की सूर्यापेक्षा थोडेच जड तारेसुद्धा मुख्य क्रम सोडून निघालेत. वय आकड्यात हवं असेल तर पार्सेक (इथे अंतराचं एकक नव्हे, मॉडेलचं नाव) किंवा मिस्ट या मॉडेलांच्या वेबसाइटवरून सारख्या वयाच्या ताऱ्यांच्या रेषा उतरवून आलेखावर बसवून बघा.

एक खबरदारी. आरयूडब्ल्यूई नावाचा कॉलम (गायाची मोजमापं एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती जुळत नाहीत ते सांगणारा) 1.4 च्या वर गेला की तारा फेकून द्या असं सगळीकडे सांगतात. जड ताऱ्यांच्या बाबतीत हे डोळे झाकून करू नका. हा आकडा बऱ्याचदा जोडीदारामुळेच वाढतो, आणि 2012 च्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं की ओ प्रकारच्या ताऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त ताऱ्यांची आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव होते. म्हणजे जोडतारे काढून टाकले तर विषयच काढून टाकल्यासारखं आहे. वेगळ्या रंगाने दाखवा, फेकू नका.

आता खऱ्या उष्ण ताऱ्यांकडे. ययाति तारकासमूहातला जोडगुच्छ, एनजीसी 869 आणि 884, वय जेमतेम 1.3-1.4 कोटी वर्षं, बी प्रकारच्या ताऱ्यांनी आणि महाराक्षसी ताऱ्यांनी भरलेला. इथे कृत्तिकांसारखं सोपं नाही. अंतर सुमारे 2300 पार्सेक, निजगती एवढीशी की आजूबाजूच्या ताऱ्यांत ठिपका मिसळून जातो, आणि गायाच्या पॅरलॅक्समधली छोटी चूकसुद्धा महागात पडते. गायाचे पॅरलॅक्स थोडे कमी मोजले जातात, किती ते ताऱ्याच्या प्रतीवर आणि रंगावर अवलंबून. समजा 0.40 आला, तर अंतर 2500 पार्सेक, आणि 0.04 ची दुरुस्ती केली तर 2270. कृत्तिकांमध्ये हीच दुरुस्ती जाणवतही नाही.

मी इथे पहिल्यांदा केलं तेव्हा धुळीचा विचारच केला नव्हता, नुसत्या प्रतीवरून अंतर काढलं आणि ते दुपटीहून जास्त आलं, दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोड बरोबर होता. या दिशेला धुळीमुळे ताऱ्यांचा बी उणे व्ही रंग (निळ्या आणि हिरवट-पिवळ्या फिल्टरमधल्या प्रतींतला फरक) साधारण 0.55 ने लाल होतो, त्याला 3.1 ने गुणा, 1.7 प्रत प्रकाश वाटेतच हरवतो, आणि 1.7 प्रत म्हणजे अंतरात 2.2 पटीचा फरक. रॉबर्ट ट्रंपलर यांनी 1930 साली याच गोष्टीवरून आपल्या दीर्घिकेत सगळीकडे धूळ असल्याचं दाखवलं होतं, प्रकाशावरून अंतर काढलं तर लांबचे गुच्छ उगाचच आकाराने मोठे निघायला लागले, कारण अंतरच फुगलेलं होतं. तेव्हा आधी धूळ, मग अंतर, मग वय, हा क्रम मोडू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात जवळजवळ सगळे नवीन लोक अडकतात. उष्ण ताऱ्याचं तापमान रंगावरून काढू नका. 20 हजार केल्विन आणि 40 हजार केल्विन, तापमान दुप्पट, पण बी उणे व्ही रंगात फरक पडतो फक्त 0.1 च्या आसपास, आणि तेवढा तर धुळीच्या अंदाजातच इकडे तिकडे होतो. कारण सरळ आहे, 40 हजार केल्विनच्या ताऱ्याचा प्रकाश सर्वात जास्त असतो 72 नॅनोमीटरजवळ, पार अतिनीलमध्ये, आपल्याला दिसतं ते नुसतं शेपूट. आणि 91 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश तर वाटेतला हायड्रोजनच गिळून टाकतो.

म्हणून वर्णपट, म्हणजे रंगांत पसरवलेला ताऱ्याचा प्रकाश. हेलियमच्या दोन रेषा शोधा, 447.1 नॅनोमीटरची साध्या हेलियमची आणि 454.1 ची एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची. दोन्ही सारख्या गडद असतील तर तारा ओ7, दुसरी जास्त गडद असेल तर त्याहून उष्ण, दुसरी पुसट होत दिसेनाशी झाली तर तुम्ही बी प्रकारात उतरलात. एवढ्या दोन रेषांवर अख्ख्या ओ प्रकाराची वर्गवारी उभी आहे, मला हे अजूनही फार सुंदर वाटतं. लॅमोस्ट दुर्बिणीचे वर्णपट उघडे आहेत, तिथून सराव करा, आणि रेषा पसरट दिसल्या तर घाबरू नका, हे तारे गरगर फिरतात.

स्वतःची छोटी दुर्बीण असेल तर एक साधी ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी पट्टी) कॅमेऱ्यापुढे लावून शर्मिष्ठेच्या मधल्या ताऱ्याचा वर्णपट घ्या. 656.3 नॅनोमीटरला हायड्रोजनची रेषा काळी दिसण्याऐवजी चमकताना दिसेल, कारण ताऱ्याभोवती वायूची चकती आहे. 1866 मध्ये अँजेलो सेक्की यांनी हे याच ताऱ्यात पहिल्यांदा पाहिलं. चकत्या वाढतात, विरतात, आणि हौशी लोकांनी वर्षानुवर्षं घेतलेले असे वर्णपट बेस नावाच्या डेटाबेसमध्ये जमा होतात आणि संशोधनात वापरले जातात.

शेवटची सवय, निजगतीची चाळणी लावताना जे तारे गळतात त्यातल्या निळ्यांची यादी वेगळी जपून ठेवा. भुजंगधारीतला झीटा हा ओ9.5 तारा असाच आपलं घर सोडून पळत सुटलाय, त्याच्यापुढे वायूची कमान उठलेली इन्फ्रारेड फोटोत दिसते, आणि जोडीदाराचा स्फोट झाल्यामुळे तो भिरकावला गेला असं मानतात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक निळ्या ताऱ्याची निजगती उलटी धरून मागे न्या आणि रेषा गुच्छावरून जाते का बघा.