अपोडाइझ्ड ग्रेटिंगमधले एकाच बाजूचे उंचवटे कसे घालवले

१५५० नॅनोमीटरच्या फायबर ग्रेटिंगला (प्रकाशतंतूत अतिनील किरणाने उमटवलेले, ती तरंगलांबी परावर्तित करणारे पट्टे) गाऊसियन अपोडायझेशन (पट्टे टोकांकडे घंटेच्या आकारात फिके करत नेणं) दिलं, तरी परावर्तनाच्या वर्णपटात कमी तरंगलांबीच्या बाजूला दातेरी उंचवटे येतच होते. दुसरी बाजू मात्र स्वच्छ! हा एकतर्फीपणाच मला सर्वांत मोलाचा धागा वाटला. टोकांकडे अतिनील किरणाची तीव्रता घटवली की पट्ट्यांच्या खोलीबरोबर सरासरी अपवर्तनांकही घटतो. मग दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा कमी तरंगलांबी परावर्तित करतात आणि समोरासमोरच्या आरशांसारखी वागतात; उंचवटे येतात ते त्यामुळेच.

म्हणून तीव्रता कायम ठेवली. फेज मास्क (किरण विभागून तंतूवर पट्टे उमटवणारी खाचांची काच) पीझोवर (विद्युतदाबाने किंचित हलणाऱ्या घटकावर) बसवून, किरण तंतूवरून सरकत असताना, त्रिकोणी लहरीने हलवला. मध्यभागी कंप शून्य, टोकांना शिखर ते शिखर सुमारे ५३६ नॅनोमीटर, म्हणजे पट्ट्यांचं एक पूर्ण अंतर. तिथे पट्टे पुसले जातात, अतिनील किरणाचा डोस तेवढाच राहतो. उंचवटे गेले.

कंप आणि पट्ट्यांची स्पष्टता यांचं नातं सरळ रेषेचं नाही, सिंक फलनाचं (sin x / x) आहे. पीझोचे आकडे त्यावरूनच उलटे काढा, नाहीतर गाऊसियन आकार बिघडतो. शिवाय किरण एका जागेवरून सरकेपर्यंत कंपाची बरीच आवर्तनं व्हायला हवीत.