सांबुरूला जाताय? आधी सिंह डोक्यातून काढा

केनियाला जाणारे बहुतेक लोक मसाई मारा करून परत येतात, त्यात चूक काही नाही, पण हातात तीन दिवस जास्त असतील तर उत्तरेच्या सांबुरू अभयारण्यात जाच. कोरडा, लाल मातीचा, काटेरी झुडपांचा भाग आहे, आणि मारात जे दिसतच नाहीत असे पाच प्राणी इथे आहेत: ग्रेव्ही झेब्रा, जाळीदार जिराफ, बैसा ऑरिक्स आणि जेरेनुक (दोन्ही हरणासारखे प्राणी) आणि सोमाली शहामृग. गाईड लोक यांना 'सांबुरू स्पेशल फाइव्ह' म्हणतात.

नैरोबीहून रस्त्याने सहा तास धरा. वाटेत नान्युकी गावाच्या जरा अलीकडे विषुववृत्त लागतं, तिथे अंगात स्वेटर असतो आणि खाली इसिओलो गावापर्यंत उतरलं की घामाच्या धारा. विल्सन एअरपोर्टवरून छोटी विमानं पण जातात, फक्त त्यात सामान साधारण १५ किलोच चालतं आणि बॅग मऊ हवी, कडक सुटकेस नको.

निघायच्या आधी ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढा (२०२४ पासून व्हिसाऐवजी हेच आहे). यलो फीव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्या, कारण केनियाहून भारतात परतताना सर्टिफिकेट बघतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आणि प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नेऊ नका, तिकडे २०१७ पासून बंदी आहे, पार्कात तर पाण्याची प्लास्टिक बाटली पण चालत नाही, स्टीलची घ्या.

सीझन म्हणाल तर जून ते ऑक्टोबर, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी. बाकी सगळं सुकलं की प्राणी एवासो न्गिरो नदीवर येतात, म्हणजे तुम्हाला शोधत फिरावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. आमची पहिली सकाळ अक्षरशः वाया गेली. ड्रायव्हरच्या रेडिओवर 'सिंबा' (स्वाहिलीत सिंह) ऐकू आलं की सगळ्या जीप एकाच झुडपाकडे पळणार, आम्हीपण पळालो आणि तासाभराने काय दिसलं तर शेपटीचा गोंडा! दुपारी ड्रायव्हरला सांगून टाकलं, दादा, सिंह नाही दिसला तरी चालेल, आम्हाला जेरेनुक दाखव. तो हसला आणि एका बाभळीपासून थोडं लांब इंजिन बंद करून बसला. दहा मिनिटं काहीच नाही. मग एक मादी आली, लांब मान, हडकुळे पाय, आणि सरळ मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढच्या पायाने फांदी खाली दाबून काट्यांमधली बारीक पानं एकेक करून खुडत होती. पाण्याची गरज हा प्राणी बराचसा या पानांतूनच भागवतो, म्हणून नदीवर त्याची वाट बघत बसू नका, झुडपांतच शोधा.

ग्रेव्ही झेब्रा ओळखायला सोपा: पट्टे बारीक, पोट पांढरं, कान मोठे गोल. (नाव ऐकून भाजी आठवते, पण ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांच्यावरून पडलंय, १८८२ मध्ये त्यांना असा एक झेब्रा भेट मिळाला होता.) घाई करू नका, कारण साधा झेब्रापण इथे दिसतो, आणि जगात ग्रेव्ही उरलेत जेमतेम तीनेक हजार, त्यातले बहुतेक केनियातच. शहामृगाचा नर असेल तर मान आणि पाय निळसर दिसतात. जिराफ आणि ऑरिक्ससाठी वेगळी धावपळ नको, ते वाटेत भेटतातच.

नदीच्या दक्षिण काठाला बफेलो स्प्रिंग्ज हे दुसरं अभयारण्य आहे, तिकडे पण नेणार का ते विचारून घ्या. सकाळी साडेसहाला बाहेर पडा, अकरा ते तीन सरळ झोपा, उन्हात प्राणीपण झोपलेले असतात. गाडीतून खाली उतरायचं नाही, कितीही शांत वाटलं तरी. इथल्या सांबुरू जमातीच्या लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

दुर्बीण मात्र प्रत्येकाला वेगळी हवी, एकच असली की नवराबायकोत भांडण ठरलेलं.