तारखेचे फोल्डर, टर्मिनलवरून

फोंड्यातला फोटो स्टुडिओ असो की म्हापशातले हिशेबाचे ऑफिस, रोजच्या फोल्डरचे नाव वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवा: २०२५-०३-०९. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरचेच टाका. नावाप्रमाणे लागणाऱ्या यादीत दिवस आधी लिहिला तर बाराही महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. शून्य गाळले तर १० तारीख २ च्या आधी बसते.

असे नाव टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'डेट +%एफ' ही कमांड तयारच देते; एफ कॅपिटल हवा. आता टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये, मॅकवर 'डॉट झेडएसएचआरसी'मध्ये, 'आज' नावाचे फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या कमांड, लिहा. आत दोनच कामे: 'एमकेडीआयआर -पी'ने फोल्डर बनवणे आणि 'सीडी'ने त्यात शिरणे. 'पी'मुळे फोल्डर आधीच असला तरी एरर येत नाही. पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर नावातल्या स्पेसवर तो तुटतो.

बहुतेक जण अडतात ते इथे: हेच वेगळ्या स्क्रिप्टमध्ये (कमांडच्या स्वतंत्र फाइलमध्ये) लिहून चालवले तर फोल्डर बनतो, पण तुम्ही जागचे हलत नाही. स्क्रिप्ट स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालते, तिचा 'सीडी' तिच्याबरोबरच संपतो. म्हणून फंक्शनच हवे. सेव्ह केल्यावर नवे टर्मिनल उघडा आणि 'आज' टाइप करा.

कालच्या फोल्डरसाठी लिनक्सवर 'डेट -डी यस्टरडे +%एफ', मॅकवर 'डेट -व्ही-१डी +%एफ'.

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत तो कालचीच तारीख सांगतो. शिरगावच्या लईराई जत्रेचे मध्यरात्रीनंतर उतरवलेले फोटो मग आदल्या दिवसात जाऊन पडतात. फंक्शनमध्ये 'डेट'च्या आधी 'टीझेड=एशिया/कोलकाता' लिहा, म्हणजे भारतीय वेळ धरली जाते.