सून सर्बियाची, घर कोथरूडचं: तिच्या माहेरपणाची सोय कशी करावी

माझ्या सुनेचं माहेर सर्बियाच्या दक्षिणेला, लेस्कोवत्सला. साताऱ्याच्या सुनेला मन भरून आलं की स्वारगेटवरून एसटी धरता येते. हिला विमानं बदलत जावं लागतं, आणि नात झाल्यापासून तर तेही लांबत गेलं. माहेरची ओढ घालवता येत नाही, घालवूही नये. पण तिला आपल्या कॅलेंडरात आणि स्वयंपाकघरात हक्काची जागा देता येते. ज्यांच्या घरी दूरदेशाची सून आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, "करमतंय ना?" असं विचारू नका. सासूने विचारल्यावर सून "हो" म्हणणारच. त्यापेक्षा "तुमच्याकडे या महिन्यात काय करतात?" असं विचारा. मी सप्टेंबरमध्ये विचारलं, आणि ती अर्धा तास मिरच्यांबद्दल बोलत राहिली.

सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे घरोघरी हिवाळ्याची साठवण चालते. त्यात मानाचं स्थान आयवारला. लाल मिरच्या भाजून, सोलून, तासन्‌तास परतून केलेला हा पदार्थ पावाला लावून खातात. लेस्कोवत्स तर मिरच्यांसाठीच प्रसिद्ध, त्यामुळे तिच्या आठवणींना भाजलेल्या मिरचीचा वास आहे. दसऱ्याच्या सुमारास आम्ही आयवार असा करतो:

तीन किलो लाल ढोबळी मिरची आणि किलोभर भरताची वांगी आणा. मिरची मार्केट यार्डातून घेतली तर परवडते. देठापर्यंत लाल, हाताला जड आणि जाड गराची निवडा. हिरवट छटा असली तर चव उतरते. मिरच्या आणि वांगी शेगडीवर किंवा गॅसवर जाळी ठेवून, साल काळी पडेपर्यंत भाजा. गरम असतानाच पातेल्यात टाकून झाकण ठेवा. वाफेने साल सुटते. सोलताना मिरच्या पाण्याखाली धरू नका, भाजल्याचा सगळा स्वाद वाहून जातो. बिया काढा आणि गर रात्रभर चाळणीत निथळत ठेवा. ही पायरी गाळायची नाही. पुण्यातली ढोबळी मिरची पाणीदार असते, पाणी राहिलं तर आयवार न होता चटणी होते.

सकाळी गर भरडसर वाटा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. मग जाड बुडाच्या रुंद कढईत, मंद आचेवर, सूर्यफुलाचं वाटीभर तेल थोडंथोडं सोडत परता. दोन तास तरी लागतात. मीठ, दोन-तीन चमचे व्हिनेगर आणि आवडत असेल तर ठेचलेला लसूण शेवटी. उलथनं ओढल्यावर कढईचा तळ दिसला आणि वाट लगेच बुजली नाही, की झालं. उकळून कोरड्या केलेल्या बरण्यांत गरमच भरा, वर तेलाचा पातळ थर द्या. तिकडे थंड तळघर असतं, आपल्याकडे नाही. म्हणून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

या कामाला माणसं लागतात, आणि तेच त्याचं खरं मोल. सोलायला शेजारच्या वहिनी येतात, विहीणबाई फोनच्या पडद्यावरून कढईवर लक्ष ठेवतात. त्या दोन तासांत माझी सून सगळ्यांत मोकळी बोलते.

आयवारसोबत कायमाक हवा. तो आपल्या हातचा मळ आहे. म्हशीचं दूध रुंद पातेल्यात मंद तापवून गार करा, जाड साय काढून डब्यात थर लावा, प्रत्येक थरावर मीठ भुरभुरवा आणि तीन-चार दिवस फ्रीजमध्ये ठेवा. ज्वारीच्या भाकरीवर आयवार आणि कायमाक मला मनापासून आवडतो.

फोनचं गणित भिंतीवर लिहून ठेवा. सर्बिया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे दुपारचं मोठं जेवण चालू असतं. फोन ओट्यावर टेकवून ठेवा आणि आपापली कामं करू द्या. नातीला "आजीशी बोल" म्हणून समोर उभं केलं की ती गप्प होते. मटार सोलता सोलता ती आपोआप बोलते. आईने मुलीशी सर्बियनमध्येच बोलावं. आपल्याला कळत नाही म्हणून तोंड वाकडं करू नये.

बाळंतपणात आमचं जमून गेलं. तिकडेही आई आणि बाळ ४० दिवस घराबाहेर पडत नाहीत, आपला सव्वा महिना तोच. फक्त पंख्यावरून खटका उडायचा. समोरासमोरच्या खिडक्यांतून येणारा आरपार वारा बाधतो, ही तिकडच्या आयांची पक्की समजूत. वाद घालू नका. पाळणा भिंतीकडे सरकवा आणि पंखा हळू ठेवा.

आता स्लावा. प्रत्येक सर्बियन कुटुंबाचा एक रक्षक संत असतो आणि त्याचा दिवस घरोघरी पाळतात. युनेस्कोने २०१४ मध्ये ही प्रथा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. कुळाचार असलेल्या घराला ती समजावून सांगावी लागत नाही. अडचण अशी की स्लावा वडिलांकडून मुलाकडे जाते, सून नवऱ्याच्या घरची पाळते. आमच्या घरी कुलदैवत आहे, संत नाही. म्हणून मी थेट विहीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मेणबत्ती लावा. तेव्हापासून १९ डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, आमच्याकडे त्यांची स्लावा होते.

हा दिवस नाताळाआधीच्या उपासात येतो, म्हणून मांस, दूध, अंडी वर्ज्य. तिकडे मासे करतात. शाकाहारी घराला हे सोयीचंच. मोठा पांढरा राजमा उकडून, भरपूर परतलेला कांदा, तमालपत्र आणि लाल तिखट घालून ओव्हनमध्ये भाजा. कोलाच म्हणजे यीस्टचा गोल पाव, वर कणकेचीच नक्षी. तो खालून क्रॉससारखा कापून त्यावर लाल वाइन ओततात, मग सगळ्यांनी हात लावून फिरवत मोडायचा. झितोसाठी खिरीचा सडलेला गहू घ्या: मऊ शिजवा, फडक्यावर रात्रभर सुकवा, वाटून त्यात तेवढेच अक्रोड आणि साखर मिसळा. पाहुणा आला की आधी याचा एक चमचा.

स्लावाला आमंत्रण देत नाहीत, लोक आपणहून येतात. पुण्यात न बोलावता कोणी येणार नाही. म्हणून आठवडाभर आधी सोसायटीत स्वतः जाऊन सांगा. दारावरची घंटा वाजत राहिली पाहिजे, त्या दिवशी तिला तेच हवं असतं.

त्यांचा नाताळ ७ जानेवारीला. चर्च जुनं कॅलेंडर पाळतं, म्हणून त्यांचं जुनं नववर्षही १४ जानेवारीला येतं, अनेकदा आपल्या संक्रांतीलाच. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाऊन तिला रात्री बारापर्यंत जागू द्या, तिकडे बारा वाजतील तेव्हा पहाटेचे साडेचार होतील, तेव्हाही ती उठेल. दुसऱ्या दिवशी वाण आणि हळदीकुंकवाची धावपळ तिच्यावर टाकू नका. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं.